टाक्यांवरचं तेल

आई, तुला हिंदी चांगलं कळायचं.

कॉलेजच्या सुट्टीत तुझ्याबरोबर मी उल्हासनगरला गठ्ठा आणायला यायचे, तेव्हाची तू मला स्पष्ट आठवतेस. अंबरनाथच्या मोरिवलीहून रिक्षानं आपण कॅम्पातल्या त्या गल्लीत उतरायचो. दोन्ही बाजूंना शिलाईच्या मशिनी खडखडत असायच्या आणि पायाखाली कात्रणांचा गालिचा. शर्टांची काज-बटणं तू घरी आणून करायचीस आणि तयार माल शेठच्या टेबलावर मोजून द्यायचीस. एकदा शेठ एक शर्ट उलटासुलटा करत म्हणाला, "अम्मा, बटन ढीला है." तू त्याच्या हातातून शर्ट घेतलास. "बटन ढीला नाय, तुमारा धागा सडेला है. खींच के देखो. पिछले टाइम बोली थी, ये धागा मत देना." शेठ हसायला लागला. "तेरे को तो वकील होना मंगता था." तू गठ्ठ्याची गाठ मारता मारता म्हणालीस, "वकील बनती तो पहला केस तुमारे पे डालती." मशिनीवरची पोरं पण हसली. बाहेर आल्यावर मला म्हणालीस, "बघितलंस? नुसतं शिकून काय होतं, तोंड पाहिजे." मला तुझा केवढा अभिमान वाटला होता. चार बुकं शिकलेली मी त्या शेठसमोर 'जी, हां' याच्यापुढे जात नव्हते.

हे मुद्दाम आधी लिहिलं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे आणि मला माझ्या आठवणीवर फार विश्वास ठेवायचा नाही. रोज डायरी लिहायची माझी जुनी सवय तुला माहीत आहे, "कोणाच्या चुगल्या लिहितेस गं?" असं तू विचारायचीस. डायरीत मी हे कधी लिहिलं नाही. तिथे मी एकटीच बोलते आणि एकटीच ऐकते, त्यामुळे कोणाला तरी झुकतं माप दिलं जातं, बहुतेक वेळा मलाच. तुझ्याशी बोलताना तसं करता येणार नाही. तू मध्येच अडवशील, "असं नव्हतं झालं" म्हणशील, असं अजूनही वाटतं. तेव्हा जसं झालं तसंच सांगते.

चौऱ्याऐंशी साली मी पहिलटकरीण म्हणून अंबरनाथला तुझ्याकडे आले. सासरी उल्हासनगरला सासूबाई नव्हत्याच, त्यामुळे बाळंतपण तुझ्या हाती, हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं. कळा सुरू झाल्या आणि थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या. शेवटी रिक्षात घालून तू आणि बाबांनी मला कॅम्पातल्या त्या सिंधी डॉक्टरीणबाईंच्या नर्सिंग होममध्ये नेलं आणि तिथे सिझर झालं. मुलगी झाली. शुद्धीवर आले तेव्हा तू तिला मांडीवर घेऊन बसली होतीस आणि तिच्या मुठीत तुझं बोट होतं. मग तू वाकून हळू आवाजात म्हणालीस, "चाळीत कोणाला सांगू नकोस हां, पोट फाडलं म्हणून. सरळ झाली म्हणायचं."

का, ते मला विचारावं लागलं नाही. धाकटीचं स्थळ बदलापूरहून आलेलं होतं. घरची भातशेती, मुलगा कंपनीत कायम, माणसं बरी. बोलणी अर्ध्यावर होती. त्या वेळी आपल्याकडे सिझर म्हणजे बाईत काहीतरी कमी असल्यासारखं बोललं जायचं. कंबर अरुंद, अंगात ताकद नाही, शेतावर वाकता येणार नाही, आणि मोठीचं असं तर धाकटीचंही असंच असणार. मी लगेच हो म्हटलं. मला वाईटही वाटलं नाही. धाकटी माझी लाडकी होती आणि तिला तो मुलगा मनापासून आवडला होता. हे नीट नोंदवून ठेवते, आई: लपवायला मी हो म्हटलं होतं. तेवढ्यापुरती मी तुझ्याबरोबर होते.

टाके निघाले त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तुला आत बोलावलं. मी बाहेर बाकावर, बाळाला दुपट्यात गुंडाळून, कमरेत वाकून बसलेली. दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून त्यांचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. तू बाहेर आलीस, पदर खोचलास, पिशवी उचललीस. मी विचारलं, "काय म्हणाल्या?" तू म्हणालीस, "काही नाही. सगळं नेहमीसारखं करा म्हणाल्या. तेल-शेक चालेल. सुकलंय आता." मी म्हटलं, "तेल चालेल? नक्की?" तेव्हा तू जरा रागावलीस. "मग मी काय खोटं सांगते? माझ्या हातून गावातली किती बाळंतपणं झाली!" खरं तर मला बरंच वाटलं. इतके दिवस दवाखान्याच्या वासात काढल्यावर मला तुझ्या तेलाचा वास हवा होता.

स्वयंपाकघरात लोखंडी कढईत तू तेल कढवायचीस. तिळाचं तेल, ठेचलेला लसूण, मूठभर ओवा, वर हळदीची चिमूट. लसूण काळा पडला की कढई उतरवायची आणि ते कोमट होईपर्यंत त्यावर ताटली. सगळ्या चाळीला त्या वासावरून कळायचं की कोणाकडे तरी बाळंतीण आहे. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून मालीशवाली मावशी यायची. ती अंबरनाथला दोन घरं करायची आणि बदलापूरला तीन, आणि त्या तिनांपैकी एक घर धाकटीच्या होणाऱ्या सासूबाईंच्या पुतणीचं होतं. म्हणजे तिला बोलवलं नसतं तरी बोलणं झालं असतं आणि तिला टाके दिसले असते तरी झालं असतं. तू वाट काढलीस. पाठ, पाय, डोकं मावशीनं चोळायचं, पोट नाही. पोटावर तू साडीची घडी ठेवायचीस, वरून चादर. "पोटाला मी लावते," म्हणायचीस. सुरुवातीला तू खरंच लावत नव्हतीस. हे मी विसरलेले नाही. सुरुवातीला तू फक्त कडेकडेनं, बरगड्यांखाली, उगाच हात फिरवायचीस.

मग त्या बदलापूरच्या बाई, धाकटीच्या होणाऱ्या सासूबाई, बाळाला बघायला आल्या. झबलं-टोपडं, बाळाच्या हातात चांदीचं वाळं, सगळं रीतसर. आल्या त्या नेमक्या मालीशच्या वेळी. तू त्यांना बाहेरच्या खोलीत बसवायला बघत होतीस, पण त्या मोकळ्या स्वभावाच्या. "अहो, आम्हाला कसली शिवाशिव," म्हणत सरळ आत येऊन पाटावर बसल्या. मी पालथी होते. मावशी माझी पाठ चोळता चोळता त्यांना म्हणते, "बघा बाय, पाठ करते, पाय करते, पन पोटाला हात नाय लावू देत ह्या. पोट काय सोन्याचं हाय काय?" बाई हसतात. "अगं बाई, असं कसं? पोट नाही चोळलं तर सुटतं. आमच्या मोठ्या सुनेचं पहिल्या दिवसापासून चोळलं, कोण म्हणेल दोन लेकरांची आई." आणि मग, हसतच, पण तुझ्याकडे बघत, "का काही वेगळं झालंय?"

तू हसलीस. मला ते हसू आत्ताही ऐकू येतंय. "वेगळं काय व्हायचंय? लाडाची आहे, गुदगुल्या होतात तिला. आईशिवाय कोणाचा हात चालत नाही." मला उताणं केलंस, चादर छातीपर्यंत ओढलीस, तेलाची वाटी घेतलीस आणि चादरीखाली हात घातलास. आधी कडेनं. मग त्या बाई म्हणाल्या, "खाली, बेंबीखाली. तिथेच तर सुटतं." तुझा हात खाली आला. टाके काढलेल्या रेषेच्या खालच्या टोकाला अजून ओल होती. रोज सकाळी तिथे कापूस चिकटायचा आणि तो कापूस तूच काढायचीस. त्या टोकावरून तुझा तळवा गेला. मी तुझ्याकडे बघितलं. तू त्या बाईंकडे बघत होतीस. नंतर पट्टा बांधायची वेळ आली. तू जुन्या नऊवारीची पट्टी काढलीस, आणि त्या उठून म्हणाल्या, "द्या, एक टोक मी धरते. दोघींनी ओढलं की नीट बसतो." चादरीवरूनच तुम्ही दोघींनी पट्टा ओढला.

त्यानंतर रोज पोटाला तेल लागू लागलं. एकदा मावशीनं पाहिलं, म्हणजे आता रोज दिसायला हवं, असा तुझा विचार असेल. "आई, ओलं लागतंय," मी म्हटलं. तू म्हणालीस, "तेल आहे ते." दुसऱ्या दिवशी म्हटलं, "वास येतोय." "ओव्याचा आहे." पट्टा बांधताना मी कळवळले, तेव्हा तू दारावरचा पडदा सारखा केलास आणि दात आवळून म्हणालीस, "ओरडू नकोस. चाळ आहे ही." मी ओरडले नाही. मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणजे असंच दुखत असेल. आपल्याकडे बायकांचं सगळंच दुखत असतं.

मग थंडी वाजून ताप आला. बाबा सेकंड शिफ्टला होते. तू शेजाऱ्यांना "कावीळ वाटतेय" असं सांगून मला रिक्षात घातलंस. डॉक्टरीणबाईंनी पट्टा सोडला, आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या. जखमेचं खालचं टोक उसवलं होतं. तेलाचा पिवळा थर आणि त्याखालून पू. त्यांनी तुला विचारलं, "अम्मा, मैंने आपको क्या बोला था? इसी टेबल पे?" आणि तू पदराचं टोक तोंडाशी नेलंस, खांदे आत घेतलेस, एकदम गावाकडची म्हातारी झालीस आणि म्हणालीस, "बाई, मेरे को हिंदी नहीं समजता."

आई, तेव्हा मला इतका ताप होता की भिंत हलत होती, पण मी कोपरावर उठले आणि इंग्रजीत भांडले. माझी आई साधी बाई आहे, तुम्ही मला सांगायला हवं होतं, शिकलेली मी बाहेर बसले होते, तुमच्यासारख्या माणसांना पेशंटची भाषा कळायला नको का, असं काय काय बोलले. इतकं सलग इंग्रजी मी कॉलेजातही बोलले नव्हते. डॉक्टरीणबाई आधी तुझ्याकडे बघत राहिल्या, बराच वेळ. मग माझ्याकडे. त्यांना कळलं होतं, हे मला आज कळतं. त्या म्हणाल्या, "ठीक है. मेरी गलती," आणि नर्सला ट्रे आणायला सांगितला. तो आळ त्यांनी स्वतःवर घेतला. तू तो घेऊ दिलास. आणि मीच तो त्यांच्यावर घातला, तुझ्या वतीनं.

जखम पुन्हा शिवता येत नव्हती. उघडी ठेवून तळापासून भरू द्यायची होती. रोज आतली पट्टी ओढून काढायची, धुवायचं, नवी भरायची. ते दुखणं मी लिहीत नाही. बाळ तुझ्याकडे होतं. माझं दूध गेलं, ती बाटलीवर वाढली, आणि पहिल्यांदा मान फिरवून तिनं ओळखला तो तुझा आवाज. ड्रेसिंग करताना डॉक्टरीणबाई मला थोडं थोडं समजावून सांगायच्या. तेलानं वरून झाकण बसतं, खालची ओल कोंडते, घट्ट पट्ट्यानं ऊब वाढते, आणि घाणीला हवंच असतं ते. कढवलेल्या तेलात पाला, लसूण काय काय असतं. धडक्या कातडीला ते चालतं, उघड्या मांसाला नाही. एकदा मी विचारलं, म्हणजे आमचं तेल वाईटच का? त्या म्हणाल्या, "तेल बुरा नहीं है, बेटा. वक्त बुरा था." त्यांनी तुझं नाव एकदाही काढलं नाही.

तू रोज यायचीस. मोरिवलीहून डबा घेऊन, कडेवर बाळ, उन्हातून. मऊ भात, तूप, मेतकूट. माझे केस विंचरून द्यायचीस. त्या दिवसांतली तुझी माया खोटी होती असं म्हणायला माझी जीभ धजत नाही, आणि मी म्हणणारही नाही. धाकटीचं लग्न ठरलं, झालंही. लग्नात तू मला जी पैठणी घेतलीस ती नवरीच्या शालूपेक्षा भारी होती. सगळ्या बायका बोलल्या. मी म्हटलं, "आई, कशाला एवढी?" तू म्हणालीस, "तुझ्या अंगानं खूप सोसलंय." मी तुझ्या गळ्यात पडून रडले. ती पैठणी मी आता नेसत नाही. फेकूनही देत नाही.

जखम भरली, पण पोटाची भिंत भरली नाही. वर्षभरात त्या जागी फुगवटा आला. हर्निया. तेव्हापासून मी कळशी उचलली नाही, मुलीला पळत जाऊन कडेवर घेतलं नाही, बाहेर पडताना कमरेला कॅनव्हासचा पट्टा. दुसरं मूल आम्ही होऊ दिलं नाही. डॉक्टर घाबरवत होते आणि मीही घाबरले होते. या सगळ्यात मी तुझ्यावर रागावले नाही, कारण तुला कळलं नव्हतं. या एका गोष्टीवर मी उभी होते. कधीकधी वाटायचं, दोष माझाच. शिकलेली मी, मी आत जायला हवं होतं, अडाणी आईला एकटीला पाठवायला नको होतं. कॅम्पातला शेठ आणि त्याचा सडका धागा मला त्या वेळी आठवला नाही, असं नाही. आठवला की मी स्वतःला सांगायचे, बटणांचं हिंदी वेगळं आणि दवाखान्याचं वेगळं. मी तुझी वकील झाले होते, आई, आणि फी न घेता.

धाकटीचं लग्न झाल्यावर ते गुपित काही गुपित राहिलं नाही. चाळीतच दोन-तीन सिझर झाली, आणि मग तूच सांगायला लागलीस, आमच्या मोठीचंही तसंच झालं म्हणून. धाकटीच्या सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, मग सांगायचं नाही का? मी मेली केवढ्यानं ओढलं ते!" त्या इतकंच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, याचा विचार मी त्या रात्री केला आणि सोडून दिला. आधीपासून कोण कसं ते कोणाला कळतं?

नंतर एका दुपारी मी न सांगता अंबरनाथला आले. आपल्या दाराला कडी होती. तू शेजारी होतीस. शेजारच्या काकूंच्या सुनेचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं आणि ती खाटेवर, तू तिच्या उशाशी. दार उघडं, मी गॅलरीत. चपला काढायला वाकले होते. ती विचारत होती, "मावशी, खाज फार सुटते. तेल लावू का थोडं?" तू तिच्या हातावर चापट मारलीस. "शिवू नकोस. खपली आपली आपण पडू दे. भोकातनं ओल येते तोवर काय पण लावायचं नाही. तेल वर आणि पू खाली, आतल्या आत कुजतं. कातडी बंद झाली, लाली गेली, की डॉक्टरला दाखवायचं. तो हो म्हणाला तर साधं खोबरेल. कढवलेलं नको, पाला घातलेलं नको. आधी हातावर थेंब लावून बघायचं, पुरळ उठलं तर राहू दे. आणि दाबायचं नाही, नुसतं बोट फिरवायचं." मी तिथेच थांबले. मला कौतुक वाटलं, खरंच. माझ्या दुखण्यातून तू केवढं शिकलीस, असं मनात आलं.

काकू म्हणाल्या, "वैनी, तुम्ही नर्सच व्हायला हवं होतं." तू म्हणालीस, "अहो, माझ्या मोठीला घरी नेतानाच त्या डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं. अम्मा, तेल नहीं, हल्दी नहीं, पट्टा कसके नहीं बाँधना, नीचे का कोना गीला है. अजून कानात आहे माझ्या." अगदी त्यांच्या आवाजात म्हणालीस. त्यांच्यासारखं बोट हलवून. काकू म्हणाल्या, "मग तिचं हो कसं चिघळलं?" आणि तू, जराही न थांबता, "ती कुठं ऐकते? शिकलेली ना. मालीशवालीकडून घेतलंन लावून." काकू हसल्या. सूनही पोट धरून हसली, "हसवू नका ना, टाके दुखतात." तूही हसलीस.

मी चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरले. आणलेली मेथी रिक्षात तशीच राहिली, ते घरी गेल्यावर लक्षात आलं.

तुझ्या बाजूनं मी पुष्कळ विचार केला आहे. चारचौघींत आईनं स्वतःची चूक कशी सांगावी? सांगता सांगता खोट्याचं खरं वाटायला लागतं, तसं तुझं झालं असेल. त्या बाई समोर बसल्या असताना तुला दुसरं काय सुचणार होतं? दोन मुली, एकीचं झालेलं, एकीचं व्हायचं, आणि हातात तेलाची वाटी. त्या एका दिवसाचं मी समजू शकते. पण त्याच्या आधी, बाकावर, मी तुला "नक्की?" म्हणून विचारलं होतं. तेव्हा समोर कोणी बाई नव्हती. तिथेच तू ठरवलं होतंस. मला खरं सांगून विचारलं असतंस, "डॉक्टर नको म्हणतायत, पण धाकटीसाठी सोसशील का?" तर मी काय म्हटलं असतं, हे मी स्वतःला शंभरदा विचारलं. मी नाही म्हटलं असतं. दुसरी काहीतरी युक्ती काढू म्हटलं असतं. आणि मी नाही म्हणेन हे तुला माहीत होतं, म्हणून तू विचारलंच नाहीस. जखमेपेक्षा मला हे जास्त लागतं. माझं शरीर तू माझ्याकडून मागून घेतलं नाहीस.

त्यानंतरही मी तुझ्याकडे येत राहिले. तुझ्या हातचा चहा प्यायले, तुझे पाय चेपले. विचारलं नाही. कारण तू काय म्हणशील ते मला ऐकू येत होतं: "झालं ना तिचं चांगलं?" आणि खरंच झालं होतं. मग एका सकाळी तू गॅसवर दूध ठेवून खुर्चीत बसलीस आणि उठलीच नाहीस. दूध उतू गेलेलं बाबांनी पुसलं. मला रडायला आलं, खूप आलं, आणि रडताना मला वाटत होतं की तू सुटलीस.

गेल्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन करून घेतलं, बदलापूरच्या हॉस्पिटलमध्ये. या वेळी टाके निघाल्यावर आत मी स्वतः गेले आणि सर्जनला एकेक गोष्ट दोनदा विचारली, इतकी की ते हसले. बरेच आठवडे काहीच लावायचं नव्हतं. मग त्यांनी बोटानं दाबून बघितलं आणि म्हणाले, आता साधं खोबरेल लावायला हरकत नाही, ताण कमी होतो. मी आधी कोपराच्या आत थेंब लावून रात्रभर वाट पाहिली. तू सांगितलं होतंस तसं. दुसऱ्यांच्या सुनेला सांगितलं होतंस तसं.

आता मुलगी पंधरा वर्षांची आहे. रविवारी ती लावून देते. तिला आवडतं, नखं कापून, हात धुवून, अगदी मन लावून लावते. परवा तिचं बोट नव्या रेषेवरून खाली सरकलं आणि जुन्या व्रणाशी थांबलं. तो खालचा भाग अजून तसाच आहे, रुंद, चकचकीत, मध्येच खड्डा. "आई, ही नवी किती सरळ आहे. ही अशी का गं?" मी सांगितलं, तू झालीस तेव्हाची, चिघळली होती. "का?" ओलं असताना तेल लावलं गेलं. "कोणी लावलं?" आजीनं. "पण आजीला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का, लावू नका म्हणून?"

हे सगळं धाकटीला वाचायला द्यावं, असं दोन दिवस माझ्या मनात होतं. देणार नाही. तिनं काय करायचं याचं? तिनं काही मागितलं नव्हतं. कागद फाडून टाकीन किंवा राहतील कुठेतरी, अजून ठरवलेलं नाही. फक्त एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मुलीला मी म्हटलं, "सांगितलं होतं. पण आजीला कळलं नाही गं." ती म्हणाली, "बिचारी," आणि पुन्हा बोट फिरवायला लागली.

तुला वाचवायला मी तसं म्हटलं नाही, आई. दोन मुलींतून तू एक निवडलीस, आणि दुसरी मी, हे माझ्या लेकीसमोर म्हणायची मला लाज वाटली.